दातात काडी धरून जुळवलेली पेटी

आमच्या गायन पार्टीत एकच कायदा होता. पेटीला सोडून कोणी जायचं नाही. पेटी म्हणजे हार्मोनियम, आणि पेटीवर अण्णा, माझे वडील. ढोलकी पेटीशी जुळवायची, कोरसनं पेटीचाच सूर धरायचा, आणि पेटी चुकलीच तर सगळ्यांनी मिळून चुकायचं, पण फुटायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, संगीतातच असा नियम असेल. पुढे कळलं, हा नियम सेनगाव तालुक्यातल्या आमच्या एका विहारापुरता आहे आणि तो अण्णांनीच केलेला आहे. स्वतःच्या सोयीचा कायदा करणारा माणूस मला बघायला कुठं लांब जावं लागलं नाही.

अण्णा दिवसभर शेतात राबायचे आणि दिवेलागणीला विहारात पेटी काढायचे. नव्वदच्या दशकात आम्ही कुठं कुठं गायलो, विचारू नका. बारसं, लग्न, घरभरणी, कुणी वारलं तर पुण्यानुमोदन, आणि चौदा एप्रिलला तर आमची पार्टी लागायचीच. बोलावणं आलं की जीप धरायची. जीपमध्ये अठरा-वीस माणसं, पण पेटी टपावर कधी गेली नाही. ती अण्णांच्या मांडीवर आणि मी अर्धी फळीवर, अर्धी हवेत. मी एकदा भांडले, तर म्हणाले, "तू पडलीस तर उठशील. पेटी पडली तर कोण उठवील?" सख्ख्या लेकीला असं बोलतात का कोणी? पण माझाही राग नाकावर असायचा, तो त्यांच्याकडूनच आलेला.

पेटी दुरुस्त करणं अण्णा औंढ्याच्या जत्रेत येणाऱ्या एका फिरत्या कारागिराकडून शिकले होते. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक पत्त्या असतात, पेटीवाले त्यांनाच सूर म्हणतात. आमच्या पेटीत प्रत्येक पट्टीखाली दोन सूर होते, एकाच आवाजाचे जोडीदार. दोघं जुळलेले असले की आवाज भरून येतो. एक जरा चढला किंवा उतरला की दोघांचं भांडण लागतं आणि आवाज थरथरतो. मग पत्ती खरडायची. टोकाला खरडली की सूर चढतो, बुडाशी खरडली की उतरतो. वर्षावासात पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन आणि गाणं असतं. तो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी अण्णा विहारात पांढरी चादर अंथरून पेटी उघडायचे. त्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. माय चहासुद्धा लांबून सरकवायची.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्याच्या दोनेक वर्षांनंतरची गोष्ट. मला शेजारच्या गावच्या शाळेत नोकरी लागली होती, लग्न व्हायचं होतं, म्हणून मी घरीच. अण्णांनी नेहमीसारखी पेटी उघडली, खरडली, मिटली. दुसऱ्या दिवशी विहारात पहिलं गाणं सुरू झालं आणि वरच्या पट्टीत गेल्याबरोबर माझ्या अंगावर काटा आला. वरचे सगळे जोडीदार एकमेकांशी भांडत होते. पेटी अशी थरथरत होती जशी थंडीत भिजलेली शेळी. मी ढोलकीवाल्या काकांकडं पाहिलं. काका म्हणजे अण्णांचे लंगोटीयार, चूक दिसली की गाणं थांबवून शिव्या घालणारे. त्यांनी मान खाली घातली आणि ढोलकी त्या बिघडलेल्या सुराला लावली. आम्ही बायाही तशाच गायलो. कायदा म्हणजे कायदा.

तेव्हा मला समजलं, की हे सगळ्यांना माहीत आहे. अण्णांना ऐकू कमी येत होतं. रेडिओ गल्लीला ऐकू जाईल एवढा लागायचा. काहीही विचारा, "व्हय" म्हणायचे. माय म्हणाली, मीठ आणा, तर "व्हय," आणि बसून राहिले. एकदा मी भीत भीत म्हटलं, "अण्णा, परभणीला कानाचा डॉक्टर हाय म्हणतात." तर म्हणाले, "कुणाच्या कानाला काय झालं?" आणि उठून गेले. घरातले, पार्टीतले, सगळे मूग गिळून बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण बाहेरगावचे लोक कशाला मूठ झाकतील? दिवाळीनंतर एका लग्नात गायलो तेव्हा मागच्या रांगेतली पोरं पेटीची नक्कल करून हसली. अण्णांना ते ऐकू गेलं नाही, हे एक बरं झालं. मग पार्टीतल्या तरुणांनी माझ्याकडंच गोष्ट काढली. चौदा एप्रिलला कीबोर्ड आणायचा, वाजवणारा वाशिमहून येणार, अण्णांनी समोर खुर्चीवर मानानं बसावं. मी घरी येऊन मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मानाच्या खुर्चीवर बसवलं तर हा माणूस दुसऱ्या दिवशीपासून घराबाहेर पडणार न्हाई. मी वळखते ना त्याला." मी पण ओळखत होते. माझ्याकडं चौदा एप्रिलपर्यंतचा वेळ होता.

त्याच वर्षी आम्हा शिक्षकांना कम्प्युटरचा सरकारी कोर्स सक्तीचा झाला. मी दर शनिवारी हिंगोलीला जायची. क्लास एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये होता. एका भिंतीला बारा टाइपरायटर, दुसऱ्या भिंतीला तीन कम्प्युटर, आणि त्यातल्या एकावर इंटरनेट. चालवणारे एक वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. टाइपरायटरच्या खडखडाटात ते एवढ्या हळू बोलायचे की ऐकायला जवळ जावं लागे. म्हणायचे, "बेटी, नेट बैलगाडी है. बैठ गए तो उतरना नहीं."

मी इंग्रजीत हार्मोनियम दुरुस्ती असं काहीतरी टाकलं आणि वाट बघत बसले. पान वरून खाली इंचाइंचानं उघडत होतं. आणि काय सांगू, जगात एवढी हौशी माणसं आहेत. कोणी शेतकरी, कोणी नर्स, कोणी रिटायर पोस्टमन, गावच्या बँडमध्ये वाजवणारे, चर्चमध्ये गाणारे, पैशासाठी नाही, असंच. नेटवरच त्यांचा एक चर्चेचा फळा होता. एकानं विचारायचं, दहा जणांनी सांगायचं. बासरीला चीर गेली, काय करू? ढोल पावसात उतरतो, काय करू? मला एकदम आमचा विहारच आठवला. एवढे दिवस मला वाटायचं, आपल्यासारखे येडे आपणच. मी तिथंच ओढणीनं डोळे पुसले. चाचा म्हणाले, "तबियत ठीक है?"

मीही लिहिलं. मला इंग्रजी एकाच पद्धतीचं येत होतं, रजेच्या अर्जाचं. सविनय सादर, की माझ्या वडिलांच्या पेटीचे वरचे सूर थरथरतात, तरी कृपया मार्ग सुचवावा, आपली विश्वासू. कानाचं लिहिलं नाही. परमुलुखातल्या लोकांपुढं बापाची मूठ का उघडायची?

पुढच्या शनिवारी उत्तरं आलेली. एकानं फुकटची एक सोय सांगितली होती. ती कम्प्युटरवर उतरवून घ्यायची, माइकसमोर सूर वाजवायचा, आणि पडद्यावर काटा दाखवतो, सूर चढलाय की उतरलाय. ती उतरवायला दोन शनिवार गेले, कारण लाइट तरी जायची नाही तर लाइन तुटायची. मग मी अण्णांना थाप मारली, पेटीच्या भात्यातून हवा गळतेय, हिंगोलीला दाखवून आणते. पेटी मांडीवर घेऊन मी जीपमध्ये बसले. एक पोरगी माझ्या बाजूला अर्धी फळीवर होती. तिला म्हटलं, "धरून बस, पडलीस तर उठशील." बोलून गेले आणि मलाच हसू आलं.

चाचांनी माइक लावला. मी पट्टी दाबली तर काटा येड्यासारखा नाचायला लागला. बारा टाइपरायटर चालू होते ना. चाचांनी हात वर केला आणि म्हणाले, "सब लोग पाँच मिनट हाथ रोको." बारा पोरं-पोरी हात वर धरून बसली. मी एकेक सूर वाजवत गेले आणि खडूनं पट्टीपाशी बाण काढत गेले, हा वर, हा खाली. वरच्या सप्तकातली एकही जोडी धड नव्हती.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? मी काय केलं सांगते. घरी आल्यावर अण्णा शेतात गेलेले बघून पेटी उघडली आणि स्वतःच पातळ कानस घेऊन बसले. बाण होते, नियम पाठ होता, अवघड ते काय? पहिलीच पत्ती टोकाला खरडली, आणखी थोडी, आणखी थोडी, आणि टिच्चकन मोडली. पितळेचं नखाएवढं टोक माझ्या बोटावर. अगं आई गं. मी तशीच बसून राहिले. दारात अण्णा उभे होते.

"काहून हात लावला?" ते म्हणाले.

मी खरं सांगायला लागले. हिंगोली, कम्प्युटर, काटा, बाण. त्यांनी बाण पाहिले. "मशीनला आपला सूर काय कळते? त्याला कोण शिकवला?"

"त्याला निदान ऐकू तरी येतं," मी ओरडले. "तुम्हाला ऐकू येत नाही, अण्णा. साऱ्या गावाला माहीत आहे."

हे त्यांना बरोबर ऐकू गेलं. शेजाऱ्यांनाही गेलं असणार. अण्णा पेटीपाशी आले. मग म्हणाले, "माझे कान बराबर हायेत," आणि पेटी मिटून, कपडा गुंडाळून फडताळावर ठेवली. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. विहारात जायचं बंद केलं. मायनं मला जे ऐकवलं ते मी लिहीत नाही. मी त्या आठ दिवसांत शाळेतल्या लेकरांवरही ओरडले नाही, एवढी मला माझ्या तोंडाची शरम वाटत होती.

शनिवारी त्या फळ्यावर आणखी एक उत्तर आलेलं दिसलं. कुठल्याशा थंड मुलुखातला एक म्हातारा होता. चर्चमधल्या जुन्या पायपेट्या दुरुस्त करायचा. त्यानं लिहिलं होतं, काटा ठीक आहे, पण मी काटा वापरत नाही. माझ्या कारखान्याच्या बाजूला करवतीची गिरणी आहे, दिवसभर काही ऐकू येत नाही. मी लाकडाची एक काडी दातात धरतो आणि तिचं दुसरं टोक बाजाच्या फळीला टेकवतो. दोन सूर जुळत नसतील तर दातात लाट येते, धडधड, धडधड. जुळत आले की लाट सावकाश होते. जुळले की थांबते. मग कानाचं कामच नाही.

मी ते चारदा वाचलं. नाहीतर या फळ्यावर उंटावरून शेळ्या हाकणारेही पुष्कळ होते, पण हा माणूस हातानं काम केलेला होता. चाचांनी पान छापून दिलं. जीपमध्ये मी ठरवत आले, हे अण्णांना सांगायचं कसं. कान हा शब्द तोंडातून निघाला की सगळं संपलं.

अण्णा ओसरीवर दोर वळत बसले होते. मी समोर बसले आणि जोरात, पण भांडल्यासारखं न वाटेल असं म्हटलं, "अण्णा, तुमच्यासारखाच एक कारागीर हाय, परदेशात. त्याच्या शेजारी लाकडाची गिरणी हाय. गोंगाटात काम कसं करते, बघा तर." आणि सगळं मराठीत वाचून दाखवलं. गिरणी दोनदा वाचली.

अण्णांनी दोर वळणं थांबवलं नाही. वळता वळताच म्हणाले, "कशाची काडी?"

"लाकडाची, एवढंच लिहिलंय."

"बाभळीची कडक पडंल. कडूलिंबाची बघावी लागंल." आणि उठून परसात गेले. दातवणासाठी तोडून ठेवलेल्या काड्यांतली एक घेतली, सोलली, आणि फडताळावरून पेटी काढली. मी बाजूला झाले. माय चूल सोडून दारात आली.

आधी त्यांनी जुन्या डब्यातली पत्ती काढून मोडलेल्या सुराच्या जागी बसवली. मग काडी दातात धरली, वाकून टोक फळीला टेकवलं आणि पट्टी दाबली. डोळे मिटले. किती वेळ तसेच बसले कोणास ठाऊक. मग डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं, काडी तोंडात तशीच, आणि बोटानं हवेत दाखवलं, धडधड, धडधड. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी दोन वर्षं पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

पुढचे दीड महिने आमच्या ओसरीवर हाच तमाशा. शेतातून आले की काडी दातात, आणि अण्णा पेटीवर वाकलेले. जाणारे-येणारे विचारायचे, "काय अण्णा, दिवसभर दातवणच करून राहिले का?" काडीमुळं त्यांना उत्तर देता यायचं नाही, हे उलट सोयीचं पडलं. एक जोडी जुळवायला कधी एक संध्याकाळ, कधी तीन. घाई केली की पत्ती जास्त खरडली जायची, मग दुसऱ्या टोकाला खरडून परत आणायची. माझ्या खडूच्या बाणांकडं त्यांनी पाहिलंच नाही असं दाखवलं. पण एकदा मी बघत नाही असं समजून ते बाणावर बोट फिरवत होते, ते मला दिसलं.

मार्चच्या शेवटी ते स्वतःच म्हणाले, "चल, तुझ्या मशीनला दाखवू." मी लगेच कपडे बदलले. चाचांनी परत हात वर केला, बारा टाइपरायटर थांबले. अण्णा पट्टी दाबत गेले. काटा मधल्या रेघेवर जाऊन उभा राहायचा. दोन ठिकाणी केसभर हलला, तेवढंच. चाचा वाकून पडदा बघत होते. म्हणाले, "उस्ताद, किस से सीखा?" अण्णांना ते ऐकू गेलं नसावं, पण चाचांचे हात जोडलेले दिसले. त्यांनीही जोडले. "मशीन बराबर हाय तुमचं," ते चाचांना म्हणाले. पास केलं त्यांनी मशीनला.

त्या संध्याकाळी विहारात पेटी वाजली. ढोलकीवाल्या काकांनी ढोलकी जुळवायला हातोडी उचलली, थांबले, पेटीचा सूर परत मागितला, परत मागितला, मग म्हणाले, "आता जुळवायला मजा हाय." तरुण पोरांनी वाशिमच्या कीबोर्डवाल्याला नको म्हणून कळवलं. चौदा एप्रिलला अण्णा पेटीवर बसले आणि वरच्या पट्टीतलं गाणं त्यांनी मुद्दाम आधी लावलं. आम्ही बाया अशा गायलो की माझा घसा चार दिवस बसला होता. शाळेत मी खुणेनं शिकवलं.

मग आसपासच्या गावांतून पेट्या यायला लागल्या. भजनी मंडळाच्या, कव्वालीवाल्यांच्या, शाळांच्या. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकडच्या एका मंडळानं तर पेटी डोक्यावर आणली. मी त्या फळ्यावर अण्णांच्या कामाबद्दल लिहीत राहिले. कुठली काडी चालते, कुठली चालत नाही, पावसाळ्यात सूर का उतरतो. माझं इंग्रजी अर्जातून थोडं बाहेर आलं होतं. लोक प्रश्न विचारायचे, मी छापून आणायची, अण्णा सांगायचे, मी वहीत मराठीत लिहून घ्यायची, त्यांचं "व्हय" येईपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायची आणि शनिवारी हिंगोलीला जाऊन इंग्रजी करून टाकायची. अण्णा उत्तर देताना पाठ ताठ करून बसायचे, जसं काही कोर्टात साक्ष आहे. मात्र कोणी "गोंगाट नसतानाही काडी का?" असं विचारलं की म्हणायचे, "सवय हाय, लिही."

त्या वर्षीच्या दसऱ्याच्या सुमारास एक पत्र आलं, फळ्यावर नाही, नेटवरून फक्त माझ्या नावानं. लिहिणारी बाई होती, दूर कुठल्या तरी गावात चर्चमध्ये पायपेटी वाजवायची, तीस वर्षांपासून. तिनं लिहिलं होतं, मला ऐकू येईनासं झालं आहे. मी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्यासोबत गाणारे मला काही म्हणत नाहीत, पण मी त्यांचे चेहरे बघते. मी बाजा विकून टाकायचं ठरवलं आहे. तुमच्या वडिलांना विचारावंसं वाटलं, म्हणून लिहिलं.

हे अण्णांना वाचून दाखवावं की नाही, मी दोन दिवस विचार केला. मग एका दुपारी ओसरीवर बसून वाचलं. त्यांच्या कानाशी वाकून, मोठ्यानं, एकेक वाक्य. माय पलीकडं तूर निवडत होती. वाचून झालं तरी अण्णा मायच्या सुपाकडंच बघत होते. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. परत वाचायला सुरुवात केली तर त्यांनी हात आडवा केला.

"लिही," ते म्हणाले.

मी वही उघडली.

"लिही, मला ऐकू येत न्हाई."

मायचा हात सुपात थांबला. माझंही पेन थांबलं.

"लिही ना, बाई. तीन साल झाले, मला ऐकू येत न्हाई. समद्यायला माहीत होतं, मला बी माहीत होतं. लई तकलीफ झाली. आता दातानं ऐकतो, लोकायच्या पेट्या जुळवून देतो. तू बाजा इकू नको म्हणा तिला."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर सवयीनं वाचून दाखवायला त्यांच्या कानाशी वाकले. अण्णांनी माझ्या हातातून वही घेतली, उजेडाकडं धरली आणि स्वतः वाचली.